यरडू किवी

रामनवमीला बारा दिवस उरले असताना आमच्या भैरवीनं मला ओ देणं बंद केलं.

भैरवी म्हणजे माझी नात. वय एक वर्ष दहा महिने. नाव मी ठेवलं. सूनबाईंच्या माहेरी, नाशिकला, त्यावर थोडी कुजबुज झाली होती म्हणे, की मैफल संपताना गायचा राग पहिल्याच मुलीला कशाला. पण त्या मंडळींनी कीर्तनं फारशी ऐकलेली नसावीत. बुवांनी भैरवी धरली की तासभर पेंगणारा माणूससुद्धा सावरून बसतो, आणि ही जन्मल्यापासून आमच्या घरात कोणी पेंगलेलं मला तरी माहीत नाही.

तर ओ. मी बाहेरून आलो की पायरीवरूनच "भैरव्ये" अशी हाक मारायची आणि तिनं घरात जिथं असेल तिथून "ओ" म्हणायचं, असा आमचा करार होता. त्या दिवशी मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. ती समोर बसून चमच्यानं डबा बडवत होती, माझ्याकडे पाठ करून. तिसरी हाक मी कीर्तनातल्या वरच्या पट्टीत मारली. शेजारच्या जयाबाईंनी साड्या विणायचा माग थांबवून "काय झालं वो आप्पा?" असं विचारलं. भैरवीनं मात्र मान वळवली नाही.

मी चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. हाक मारल्यावर न वळणारी मुलं मी हजारांनी पाहिली आहेत. पण ती दहावीतली. पावणेदोन वर्षांच्या माणसानं असं वागावं हे मला लागलं. मी चहा न घेता आत जाऊन बसलो. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मी रुसलोय हे कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. मग बाहेर येऊन चहा मागून घेतला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वडगावात, म्हणजे बेळगावच्या वडगावात, रामनवमीचा सप्ताह असतो आणि शेवटच्या संध्याकाळी सुहासबुवांचं कीर्तन. बुवांची एक खासियत आहे. गजराच्या आधी ते दोन्ही हात वर करतात आणि थांबतात. पेटी थांबते, तबला थांबतो, माणसं खोकायची थांबतात. मोजून दहा आकडे शांतता, आणि मग बुवा "बोला" म्हणतात. एरवीही दर एकादशीला देवळात त्यांचं कीर्तन असतं, त्यामुळं भैरवीला हे इतकं पाठ झालंय की बुवांचे हात वर गेले रे गेले, ती माझ्या मांडीवर हात पसरून, श्वास धरून, दगडासारखी बसते आणि "बोला" म्हटल्याबरोबर टाळी देते. यंदा मी बुवांना म्हटलं, गजराची पहिली झांज आमच्या भैरवीला वाजवू द्या. बुवा हसून बरं म्हणाले. तेवढ्यावर थांबलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण आमच्या मंडळाचे चिटणीस मारुतीराव कोर्टात स्टेनो होते. कानावर पडलेला शब्द कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांनी सप्ताहाच्या पत्रिकेत छापून टाकलं : 'गजराची पहिली झांज, कु. भैरवी.'

"आता छापलं, आप्पा," ते म्हणाले. "छापलेलं मागं घेता येत नाही."

आणि छापून आलेल्या कलाकारानं हाकेला मान वळवणं बंद केलेलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग सुरू केले. माणूस गणिताचा असो नाहीतर कीर्तनाचा, प्रमाणाशिवाय बोलू नये. तिच्या पाठीमागं उभं राहून मी आधी चिपळ्या वाजवल्या. मग स्टीलचं ताट. मग ताटावर डाव. ती दर वेळी वळायची, पण भलत्याच बाजूला. मी इकडं, ती तिकडं बघणार आणि तिथं कोणी नाही म्हणून भिंतीला हसून दाखवणार. वासंती, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. तिनं हात पुसले, येऊन भैरवीच्या उजव्या बाजूला बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भैरू, लाडू?" भैरवी लगेच वळली. मग वासंती उठून डाव्या बाजूला बसली आणि तेवढ्याच आवाजात तेच म्हणाली. लाडवाचं नाव काढूनसुद्धा काही नाही.

आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटका चालू असतो, त्यात घरातली शांतता कळून येत नाही. त्या दिवशी आली.

केतकी, आमची सून, म्हणाली, "गेले काही दिवस ती डावा कान चोळत होती. मला वाटलं, दाढा येताहेत."

"मलाही तेच वाटलं," वासंती म्हणाली.

मला काहीच वाटलं नव्हतं. मी गेले दोन-अडीच आठवडे माझ्याच दुःखात होतो. माझी तुळशीची माळ एकादशीच्या सकाळी जप करता करता तुटली होती. वीस वर्षांची माळ. मणी घरभर उडाले. भैरवीनं एकेक मणी वेचून माझ्या ओंजळीत आणून टाकला, आणि त्या कौतुकात मी तासभर हरखून होतो. ओवायला बसलो तर मेरुमणी सोडून एकशेसात भरले. चार वेळा मोजले. गणिताच्या मास्तराला एकशेआठ मोजता येईनात, याची वासंतीनं नाशिकपर्यंत बातमी केली. मी कपाटं सरकवली, पलंग उचलला, झाडूच्या काड्या सोडवून पाहिल्या. शेवटी एकशेसातांचीच माळ गळ्यात घातली. तेव्हापासून जप करताना शेवटच्या मण्यापाशी मला जिन्याची पायरी चुकल्यासारखं होई. अशा माणसाच्या डोक्यात पोरीचा कान कुठून शिरणार?

जयाबाईंना सांगावं लागलं नाही. मध्ये एक भिंत, तीही अर्ध्या विटेची. त्या वाटी घेऊनच आल्या.

"मागाच्या आवाजानं कान बसलाय पोरीचा," त्या म्हणाल्या. "माज्या थोरल्याचाबी बसलता. लसूण तळलेलं त्याल, कोमट, चार थेंब. दोन दिसांत उगडतंय."

"तुमच्या थोरल्याला आता ऐकू येतं?" मी विचारलं.

"बायकोचं सोडून समदं येतंय."

हे प्रमाण मला पटलं. मी भैरवीला मांडीवर आडवं घेतलं, जयाबाईंनी चमचा वाटीत बुडवला. इतक्यात केतकी आतून आली आणि तिनं भैरवीला माझ्या मांडीवरून उचललं. रागावली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "आप्पा, कानात काय झालंय हे बघितल्याशिवाय कानात काही घालायचं नाही."

"अगं, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या..."

"दाखवू आधी. मग डॉक्टर म्हणाले तर मी स्वतः लसूण सोलून देईन."

चमचा वाटीवर तसाच राहिला. जयाबाई माझ्याकडे बघत होत्या, मी चमच्याकडे. सुनेनं शेजारणीसमोर सासऱ्याच्या मांडीवरून नात उचलून न्यावी हा प्रसंग कोणत्याही आख्यानात मी ऐकलेला नाही, त्यामुळं अशा वेळी सासऱ्यानं काय म्हणायचं असतं तेही ठाऊक नव्हतं. मी ते तेल स्वतःच्या गुडघ्याला लावलं.

मारुतीराव तासाभरात आले. त्यांना पोरीची काळजी होती, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या याचीही होती. त्यांनी सल्ला दिला की डॉक्टरकडून लेखी घ्या. काय लेखी घ्यायचं ते त्यांना सांगता येईना, पण लेखी घ्या.

चिरंजीव आशुतोष बेंगळूरला नोकरीला. त्याचं म्हणणं फोनवर आलं की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि आप्पांना प्रयोग करू देऊ नका. केतकीनं दवाखान्यात फोन लावला. पलीकडे नर्सबाई कानडीत बोलत होत्या. आमच्या केतकीला बेळगावात येऊन अडीच वर्षं झाली. तिला आकडे येतात, 'ऊटा आयतेन्री', म्हणजे 'जेवण झालं का', येतं, आणि बाजारात ऐकून ऐकून 'तगोंड बर्री', म्हणजे 'घेऊन या', हे पक्कं येतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, हूं हूं केलं, फोन ठेवला आणि बुचकळ्यात पडून म्हणाली, "उद्या सकाळी बोलावलंय. आणि दोन किवी घेऊन या म्हणाल्या."

"दोन काय?"

"किवी. फळ. हिरवं असतं ना आतून, ते. तपासणीला लागत असेल. तिला सर्दीही आहे, कदाचित त्यासाठी असेल."

आता मी जन्मानं बेळगावचा. कानडी मला मराठीइतकं येतं. निम्म्या शाळेशी मी कानडीत भांडलेलो आहे. पण सुनेनं नाशिकच्या मराठीत, फळ म्हणून सांगितलेला शब्द माझ्या डोक्यात फळाच्याच कप्प्यात जाऊन पडला. शिवाय तेलाच्या प्रसंगानंतर घरात माझ्या शब्दाला काही किंमत उरली नव्हती, आणि इथं मला एक काम मिळत होतं. मी पायात चपला घातल्या. वासंती म्हणाली, उन्हं उतरू देत. मी म्हटलं, पोरीच्या कानाचा प्रश्न आहे.

किवी नावाचं फळ मी आयुष्यात हातात धरलेलं नव्हतं. स्कूटर काढली, बाजारात गेलो. एका केळीवाल्यासमोर थांबलो. पेठेत हॉर्नचा एवढा गलका, की मी आपला कीर्तनातला आवाज लावून कानडीत विचारलं, "किवी अदावेन्री?" म्हणजे, किवी आहेत का.

त्यानं माझ्याकडे शांतपणे बघितलं. दोन्ही हात आपल्या पागोट्याच्या कडेला नेले आणि म्हणाला, "अदाव री. यरडू अदाव. सावकाश केळ्री."

आहेत, दोन आहेत, हळू विचारा.

मला वाटलं, दोनच शिल्लक आहेत. म्हटलं, दोनच हवीत, द्या. त्यावर तो आणि शेजारचा कोथिंबिरीवाला असे काही हसले की मी स्कूटरला किक मारून निघालो. मनात म्हटलं, पांढऱ्या केसांची किंमत राहिली नाही. पुढं तीन गाडे, दोन दुकानं हिंडून एका काचेच्या दुकानात फळं मिळाली. केसाळ, तपकिरी, बटाट्याच्या आजारी भावासारखी. त्यातल्या त्यात देखणी दोन निवडून घेतली, घरी आणली, धुतली, पुसली आणि देवापुढं ठेवली. पोरीच्या कामाची वस्तू, एक रात्र देवापाशी राहिलेली बरी.

सकाळी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा वर्दळ सुरू झालेली. खिडकीपाशी एक तरुण गृहस्थ संगणकावर नावं घेत होते. केतकीनं भैरवीचं आधार कार्ड दिलं. त्यांनी ते बघितलं, भैरवीला बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"यात भैरव आहे. मुलगा."

केतकी म्हणाली, "शेवटचं इंग्रजी अक्षर छापताना राहिलंय. ती मुलगी आहे."

"कार्डात मुलगा आहे."

"ही बघा ना, फ्रॉक घातलाय."

"फ्रॉक संगणकात येत नाही हो, ताई."

केतकीनं मोबाइलमधला जन्माचा दाखला काढला. त्यात मुलगी होती, पण तो नाव ठेवायच्या आधीचा, त्यामुळं नाव नव्हतं. एका कागदावर नाव अर्धं आणि मुलगा, दुसऱ्यावर मुलगी आणि नावच नाही. दोन्ही कागद एकत्र धरले तर आमची नात कशीबशी पूर्ण होत होती, पण गृहस्थांना एका वेळी एकच कागद धरायची परवानगी होती. मागं रांग वाढत चालली. भैरवी कान चोळत होती. मला राहवेना.

"हे बघा," मी कानडीत म्हटलं, "भैरव वेगळा, भैरवी वेगळी. भैरव पहाटेचा." आणि त्यांना फरक स्पष्ट व्हावा म्हणून मी भैरवाचे चार स्वर लावले. मग भैरवीचे. खरं तर चारच लावायचे होते. पण दवाखान्याचा तो हॉल उंच छताचा, आवाज असा काही घुमला की माझं भान गेलं. थांबलो तेव्हा हॉलमधली सगळी रडणारी मुलं गप्प झाली होती आणि एक म्हातारी हात जोडून बसली होती. खिडकीतल्या गृहस्थांनी शेवटचं अक्षर जोडलं, मुलाची मुलगी केली आणि चिठ्ठी बाहेर सरकवली. केतकी जमिनीकडे बघत होती. पण तिची पावलं जराशी हलकी पडताहेत असं मला वाटलं.

आतल्या टेबलाशी कालच्या फोनवरच्या नर्सबाई बसल्या होत्या. मी पिशवी उघडली, स्वच्छ रुमालात गुंडाळलेली दोन्ही फळं काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी फळांकडे बघितलं. "इदेन री?"

हे काय, म्हणून त्या विचारत होत्या. मी अभिमानानं म्हटलं, "यरडू किवी."

नर्सबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा केतकीकडे. मग त्यांनी स्वतःची कानाची पाळी चिमटीत धरून हलवली. "किवी," त्या म्हणाल्या. दुसरी पाळी धरली. "यरडू किवी."

आणि माझ्या डोक्यातला तो शब्द फळांच्या कप्प्यातून निसटून आपल्या जागी येऊन पडला. किवी. कानडीत किवी म्हणजे कान. यरडू किवी नोडबेक्री, तगोंड बर्री : दोन्ही कान बघायला हवेत, घेऊन या. काल बाजारात भर दुपारी मी एका केळीवाल्याला ओरडून विचारलं होतं, तुला कान आहेत का. आणि त्या सज्जन माणसानं आहेत, दोन आहेत, हळू विचार, असं सरळ उत्तर दिलं होतं. त्यावर मी म्हटलं होतं, दोन्ही द्या.

केतकीनं पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की हसतेय. मी म्हटलं, "तुला कानडी येत नाही हे एक वेळ..." पुढं मला बोलता येईना, कारण मला येत होतं.

डॉक्टर पूर्णिमा या तरुण, बेळगावच्याच. त्यांनी भैरवीच्या उजव्या कानात बत्ती धरून बघितलं, ठीक म्हणाल्या. डाव्या कानात बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. आमचं हसू तिथंच संपलं.

"आत काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "गोल, तपकिरी. दिवस झालेले दिसतात, भोवती मळ धरलाय. सुरुवातीला कडेनं थोडं ऐकू येत असेल, मग कान पुरता बंद झाला. तेलबिल काही घातलंत?"

"नाही," केतकी म्हणाली.

मी माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

"फार बरं केलंत. लाकडाची किंवा बियांची वस्तू असली तर ओलाव्यानं फुगते, मग काढणं अवघड. आता असं आहे, काढायला अर्धा मिनिट लागेल, पण तेवढा वेळ तिनं अजिबात हलता कामा नये. आत पडदा आहे. हलली तर मी हात लावणार नाही. दाखल करून, भूल देऊन काढावं लागेल."

भूल हा शब्द ऐकल्यावर केतकीनं भैरवीला घट्ट धरलं. तिच्या चेहऱ्यावर कालपासून मी पाहिलं नव्हतं ते आता दिसत होतं. पोर केवढीशी. मी मनातल्या मनात रामाला म्हटलं, झांज राहू दे. पत्रिकाही राहू दे. हिला माझी हाक ऐकू येऊ दे.

नर्सबाईंनी तिचं डोकं धरायचा प्रयत्न केला. भैरवीनं असा हंबरडा फोडला की बाहेरची पोरं पुन्हा सुरू झाली. खेळणं दाखवून झालं, मोबाइल दाखवून झाला. डॉक्टरांनी दोनदा हत्यार उचललं आणि दोनदा ठेवलं. मग म्हणाल्या, "आपण उद्याची वेळ..."

"एक मिनिट," मी म्हटलं. "मला कीर्तन करू द्या."

डॉक्टरांनी केतकीकडे बघितलं. केतकीनं एका क्षणाचाही विचार केला नाही. "करू द्या," ती म्हणाली. सुनेनं माझ्या मांडीवरून नात उचलली होती, ती तिनं तिथंच मला परत दिली, असं मी समजतो.

भैरवीला केतकीच्या मांडीवर आडवं बसवलं, डावा कान डॉक्टरांकडे. मी तिच्या उजव्या बाजूला गुडघे टेकून बसलो आणि हळू आवाजात रामजन्म सुरू केला. कौसल्येचा महाल, चैत्रातली दुपार, दारात उभे राहिलेले चोपदार, आत हालणारा पाळणा. रडणं हुंदक्यांवर आलं. हुंदके थांबले. मग मी बुवांसारखे दोन्ही हात वर केले आणि थांबलो.

भैरवीनं हात पसरले. श्वास धरला. दगड.

"असंच," डॉक्टर कुजबुजल्या आणि वाकल्या.

बुवा दहा आकडे थांबतात. मी दहापर्यंत आलो, पंधरापर्यंत आलो. नर्सबाईंचेही हात नकळत वर गेले होते. वीस. माझे खांदे थरथरू लागले. भैरवी माझ्या ओठांकडे बघत होती, कधी एकदा "बोला" म्हणतो म्हणून. पंचवीस. चौतीस वर्षं पोरांना हात वर करून उभं केलं, त्या सगळ्यांची मी मनात माफी मागितली. एकोणतिसाला ट्रेमध्ये 'टिण्' असा आवाज झाला.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या.

"बोला," मी म्हटलं. तिनं टाळी दिली.

डॉक्टरांनी कान पुसला, पुन्हा बत्ती धरून पाहिलं, पडदा शाबूत आहे म्हणाल्या. मग सांगितलं, डावीकडून हळू हाक मारून बघा. केतकीनं मारली. भैरवी वळली. डावीकडे, बरोब्बर जिथं केतकीचं तोंड होतं तिथं. ओ मात्र दिली नाही, रुसली होती.

ट्रे माझ्यासमोर होता. मला ओळख पटायला बत्ती लागली नाही. वीस वर्षं जो बोटाखालून सरकत होता, तो मळानं काळवंडलेला असला तरी त्याचं भोक, त्याची एका बाजूची चपटी कड मी ओळखणार नाही? डॉक्टरांनी तो चिमट्यानं उचलून उजेडात धरला.

"हा कशाचा मणी आहे?"

केतकीनं माझ्या गळ्याकडे बघितलं. नर्सबाईंनी बघितलं. भैरवीनं तर बोट दाखवलं. मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तुळशीचा आहे," मी म्हटलं. "एकशेआठवा."

पाच वर्षांपर्यंत मणी, डाळ, बटणं मुलांच्या हाताला लागू देऊ नका, कानात-नाकात काही गेलं तर घरी कोरायचं नाही, सरळ घेऊन यायचं, हे सगळं डॉक्टरांनी केतकीला सांगितलं, पण बघत होत्या माझ्याकडे. मी मारुतीरावांना आठवून म्हटलं, लेखी द्या. त्यांनी दिलं. ते आता आमच्या देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेलं आहे. फळं नर्सबाईंनी कापली आणि सगळ्यांना वाटली. आंबट होती.

दुपारी ही कथा वडगावात माझ्या आधी पोहोचली. जयाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आप्पा, तुमीच मणी घालायचा आन् माज्या मागाला नाव."

"नाव तुम्हीच ठेवलं होतं," मी म्हटलं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "त्याल न्हाय घातलं त्ये लई ब्येस झालं बगा. सुनंला सांगा माजं नाव घिऊन." आणि माग सुरू झाला.

रामनवमीच्या संध्याकाळी मंडप भरलेला. मी माळ शर्टाच्या आत घातली होती. पूर्ण एकशेआठांची, मणी मी गंगाजळानं आणि केतकीनं डेटॉलनं धुतला होता. तरी बुवांनी पूर्वरंगात "हरिनाम कानावाटे आत गेलं पाहिजे" एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्या मंडपाचे चेहरे माझ्याकडे वळले. बायकांच्या बाजूला जयाबाईंचा पदर तोंडावर गेला. मी छताकडे बघत राहिलो. बुवांचा त्या दिवशीचा विषय हाक हा होता. देव दिवसरात्र माणसाला हाक मारतो, माणूस ऐकत नाही. ऐकतो तर वळत नाही. वळतो तर ओ देत नाही. तासभर बुवांनी हे असं काही रंगवलं की मारुतीराव टिपणं घ्यायची विसरले.

मग गजर. भैरवीला बुवांशेजारच्या चौरंगावर बसवलं, हातात झांज, तोंडाजवळ माइक. मी मागं, तिच्या डाव्या हाताला बसलो. बुवांचे हात वर गेले. सगळं थांबलं. पाच, आठ, दहा.

"बोला," बुवा म्हणाले.

भैरवी झांजेत स्वतःचं तोंड बघत होती.

बुवांनी पुन्हा म्हटलं, "बोला." झांजेतली भैरवी जीभ काढत होती, ती या भैरवीला फार आवडली. मंडपात चारशे माणसं, एकाचाही आवाज नाही. मारुतीरावांच्या हातात पत्रिका. मी मागून, डावीकडून, फक्त तिलाच ऐकू जावं इतक्या हळू म्हटलं, "भैरव्ये."

"ओ," ती म्हणाली.

माइकमधून. मंडपाच्या चारही कोपऱ्यांतून. बाहेर रस्त्यावरच्या कर्ण्यातून.

बुवांनी हात खाली घेतले. "मंडळी," ते म्हणाले, "तासभर मी हेच सांगत होतो." आणि झांजेची वाट न बघता त्यांनी गजर उचलला.

सगळा मंडप उभा राहिला. मारुतीराव वाकून माझ्या कानाशी काहीतरी म्हणाले. छापलेल्या झांजेबद्दलच असावं. मला काही ऐकू गेलं नाही. माझे यरडू किवी तेवढ्या वेळापुरते भरलेले होते.